बेळगाव, बेळगावी आणि आपली मुंबई : नावाचा हट्ट कुठपर्यंत?

(वाचकांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओळंबा

मराठी मजकुरात ‘बेळगावी’ लिहिणं चूक आहे, असं माझं मत. कारणं देतो, खोडून काढा.

१ नोव्हेंबर २०१४ ला, राज्योत्सवाच्या दिवशी, कर्नाटकाने बारा शहरांची नावं बदलली. विजापूर, गुलबर्गा असे एकदोन सोडले तर कन्नडमध्ये काहीच बदललं नाही. कन्नड माणूस आधीही बेळगावी, मैसूरु, हुब्बळ्ळीच म्हणत होता. बदललं ते इंग्रजी स्पेलिंग. आता इंग्रजी स्पेलिंग बदललं म्हणून मराठीने आपला शब्द का सोडायचा? बडोद्याचं इंग्रजी नाव १९७४ साली ‘वडोदरा’ झालं, आपण आजही बडोदेच लिहितो. ग्वाल्हेर, इंदूर, तंजावर ही सगळी मराठीने घडवलेली रूपं आहेत, त्या गावांवर हक्क सांगायला केलेली नाहीत.

दुसरी अडचण व्याकरणाची. ‘बेळगावी’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. ‘गावी गेला’ म्हणतो तशी ती सप्तमी आहे : ‘बेळगावी सभा भरली’. शिवाय कोल्हापुरीसारखं विशेषण म्हणूनही तो चालतो : बेळगावी कुंदा. म्हणजे ‘बेळगावी अधिवेशन’ यात शहराचं नाव आहे, सप्तमी आहे की विशेषण, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

तिरकीरेघ

व्याकरणाचा मुद्दा गोड आहे, पण त्याच्या आड लपू नका. सांगली, रत्नागिरी, परभणी ही नावंही ईकारान्तच आहेत, आणि ‘सांगली अधिवेशन’ वाचताना कोणी अडखळत नाही.

खरा प्रश्न मुंबईचा आहे. मराठीत ती कायम मुंबईच होती. १९९५ ला आपण काय मागितलं? इंग्रजांचं बॉम्बे जावं एवढंच नाही, हिंदीवाल्यांचं ‘बंबई’ही जावं. हिंदीतला ‘बंबई’ हा शब्द तुमच्या ‘बेळगाव’सारखाच जुना, घरचा, रुळलेला. तेव्हा आपण म्हणालो, गावाचं नाव गावच्या राज्याची भाषा ठरवणार. तो नियम असेल तर बेळगावीलाही तोच लागतो. आणि ‘प्रत्येक भाषेने आपापलं रूप ठेवावं’ हा नियम असेल तर ‘बंबई’ला हरकत घ्यायचा अधिकार गेला. दोन्हीतला एक घ्या.

आणखी एक. मद्रासचं चेन्नई झालं (१९९६), कलकत्त्याचं कोलकाता झालं (२००१), मराठी छापखान्यांनी मुकाट बदललं. बंगळुरू, कलबुर्गीही आलं. अडतं कुठे, तर नेमकं बेळगावला. म्हणजे हे व्याकरण नाही, हा १९५६ पासूनचा सीमावाद आहे. तो असायला हरकत नाही, पण मग तसं म्हणा.

राजपत्रवाचक

दोघांनीही ‘नाव बदललं’ हे एकच क्रियापद वापरलंय. प्रत्यक्षात एका गावाची पाच-सहा नावं वेगवेगळ्या कायद्यांत बसलेली असतात आणि ती वेगवेगळ्या दिवशी बदलतात, काही बदलतच नाहीत. निम्मे वाद यातूनच होतात, म्हणून क्रम सांगतो.

गाव किंवा शहर : राज्याने प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवायचा. मंत्रालय १९५३ च्या मार्गदर्शक सूचनांवरून तपासतं. रेल्वे, टपाल विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्याकडून हरकत नसल्याचं मागवतं. त्याच नावाचं दुसरं गाव आसपास आहे का, हेही बघतात. होकार आला की राज्य अधिसूचना काढतं. संसदेत जावं लागत नाही. राज्याचं नाव बदलायचं तरच राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ खाली संसदेचा कायदा लागतो.

जिल्हा, तालुका, महसुली विभाग : हे वेगळं प्रकरण. महाराष्ट्रात ते जमीन महसूल संहितेखाली येतं. आधी प्रारूप, मग हरकती-सूचना, मग अंतिम अधिसूचना.

आता औरंगाबादचा घटनाक्रम बघा. १९९५ ची पहिली अधिसूचना न्यायालयात अडकली आणि २००१ मध्ये सरकारने ती मागे घेतली. २९ जून २०२२ ला मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ मंजूर केलं. सरकार बदललं, १६ जुलैला ‘छत्रपती’ जोडून पुन्हा मंजूर केलं. केंद्राचा होकार २४ फेब्रुवारी २०२३ चा, पण तो शहरापुरता. जिल्हा आणि तालुक्याची अंतिम अधिसूचना सप्टेंबर २०२३ ची. मधले सहा-सात महिने छत्रपती संभाजीनगर हे शहर औरंगाबाद जिल्ह्यात होतं! त्या काळात ज्यांनी दाखल्यांवर जिल्ह्याचंही नाव बदलून टाकलं, ते कागद कायद्याने चुकीचे होते. नामांतराविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ ला फेटाळल्या. तरी त्याच वर्षीच्या लोकसभेला मतदारसंघ ‘औरंगाबाद’च होता, कारण ते नाव मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशातलं आहे. रेल्वे स्थानकाचं नाव तर ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं.

म्हणून कोणी ‘अधिकृत नाव काय?’ विचारलं की उलट विचारायचं : कशाचं, आणि कोणत्या तारखेला?

ओळंबा

राजपत्रवाचक, हे उत्तम. यातून माझाच मुद्दा पुढे जातो. अधिसूचना सरकारी कागद बांधते, भाषेला बांधत नाही. लेखकावर किंवा वर्तमानपत्रावर तिची सक्ती नाही.

तिरकीरेघ, मुंबईबद्दल तुमचं निम्मं मान्य. ‘बंबई’वर आपण जास्तच ताणलं. पण फरकही आहे. ‘बंबई’ म्हणणारा हिंदीभाषक मुंबईत बाहेरून आला आणि त्याने नाव आणलं. ‘बेळगाव’ म्हणणारा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातच राहतो. त्याच्या दृष्टीने ते परक्या भाषेतलं रूप नाही, गावातलंच दुसरं नाव आहे. चेन्नईत ‘मद्रास’ म्हणणारी मराठी वस्ती किती होती? म्हणून तिथे सोडणं सोपं गेलं.

वेळूबन

व्युत्पत्तीचा कोणी उल्लेख केला नाही हे नशीब, म्हणजे चुकीची व्युत्पत्तीही कोणी दिली नाही. रट्ट राजांच्या शिलालेखांत हे गाव वेणुग्राम आहे. वेणु म्हणजे बांबू, मराठीत वेळू. शब्दाच्या सुरुवातीचा ‘व’ कन्नडमध्ये नेमाने ‘ब’ होतो (तमिळ ‘वा’ म्हणजे ये, कन्नडात तेच ‘बा’). आणि ग्रामचं ‘गाव’ होणं ही आपल्याकडची चाल. म्हणजे मराठी माणूस ज्या ‘बेळगाव’साठी भांडतो त्याची सुरुवात कानडी वळणाची, आणि कन्नड माणूस ज्या ‘बेळगावी’साठी भांडतो त्याचा शेवट मराठी वळणाचा. भांडा आता.

पण ‘सर्वात जुनं नाव तेच खरं’ हा युक्तिवाद कोणी करू नये, तो करणाऱ्याच्याच अंगावर येतो. औरंगाबादच्या जागी मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेलं गाव खडकी, मग फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद. जुन्यात जुनं हवं तर खडकी घ्यावं लागेल, आणि त्याची मागणी कुठल्याच पक्षाने केलेली नाही.

नामांतर हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतो. एक, उच्चाराप्रमाणे स्पेलिंग सुधारणं : म्हैसूर, बेळगाव, ठाणे. दोन, लोकांच्या तोंडी असलेलं जुनं नाव परत आणणं : धाराशिव. उस्मानाबाद हे सातव्या निजामाचं नाव, पण पंचक्रोशीत धाराशिव चालूच होतं. तीन, एकाच्या गौरवाच्या जागी दुसऱ्याचा गौरव : संभाजीनगर, अहिल्यानगर. पहिल्यात उच्चाराचं भांडण असतं, दुसऱ्यात स्मृतीचं, तिसऱ्यात सरळ निष्ठेचं. तिसऱ्या प्रकारात कोणतंही नाव उच्चारलं की बाजू घेतली जातेच, तटस्थ शब्द उरत नाही. बेळगाव मुळात पहिल्या प्रकारातलं, पण सीमावादाने त्याला तिसऱ्यात ढकललंय.

तिरकीरेघ

हे पटलं. ‘तटस्थ शब्द उरत नाही’ याचं सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण म्हणजे उत्तर आयर्लंडमधलं डेरी. १६१३ च्या सनदेने त्याचं लंडनडेरी झालं. राष्ट्रवादी कॅथलिक ‘डेरी’ म्हणतात, ब्रिटनवादी ‘लंडनडेरी’. पहिला शब्द तोंडातून निघाला की बोलणारा कोणत्या बाजूचा ते कळलं. १९८४ ला नगर परिषदेचं नाव ‘डेरी’ झालं आणि लोकांना वाटलं शहराचंच झालं. २००७ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेचं नाव बदललंय, शहर कायद्याने अजून लंडनडेरीच आहे. राजपत्रवाचकांचा मुद्दा जसाच्या तसा! दोन्ही नावं मधे तिरकी रेघ देऊन छापायची रीत पडली, तर त्या रेघेवरूनच शहराला ‘स्ट्रोक सिटी’ हे टोपणनाव पडलं.

बेळगावात पाटी दोन भाषांत लावा, प्रश्न मिटतो. मराठीत ‘बेळगाव’, कन्नडात ‘ಬೆಳಗಾವಿ’ (बेळगावी) याऐवजी दुसरं काही कोणी मागत नाहीये.

राजपत्रवाचक

पाटी लावा म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्याकांच्या योजनेत पंधरा टक्क्यांची रेषा आहे : जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखादी भाषा बोलणारे तेवढे असले की महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढायच्या. ही राज्यांनी दिलेली संमती आहे, कायद्याने बजावता येईल असा हक्क नाही, म्हणून राज्य ढिलाई करू शकतं. उलट दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के भाग कन्नडचा, हा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आहे, दंडासकट. योजना आणि कायदा समोरासमोर आले की कायदा जिंकतो.

टक्क्यांच्या रेषेची दुसरी खोड अशी की जनगणना हाच आखाडा होतो. मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचं याचा प्रचार सुरू होतो. ऑस्ट्रियात कॅरिंथिया प्रांतात स्लोव्हेन भाषेतल्या गावपाट्या १९७२ मध्ये जमावाने उखडल्या. तिथे टक्केवारी किती धरायची यावर २०११ पर्यंत घासाघीस चालली. शेवटी साडेसतरा टक्के धरून १६४ गावांची यादीच कायद्यात घातली. यादी कायद्यात गेली आणि टक्क्यांचं भांडण थांबलं, कारण मोजायचं काही उरलं नाही.

बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक जुलै २०१४ मध्ये काढला तेव्हा किती तणाव झाला ते सगळ्यांना आठवत असेल. तिथे वाद गावाच्या नावाचा नव्हताच, त्याच्या वरच्या दोन शब्दांचा होता.

खतावणी

तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. ज्यांना याद्या, नकाशे, सूची सांभाळायच्या आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी.

शोधा-आणि-बदला कधीही आंधळेपणाने चालवू नका. ‘बेळगाव’च्या जागी ‘बेळगावी’ टाकलं की बेळगावकर आडनावाचे सगळे ‘बेळगावीकर’ होतात. ‘औरंगाबाद’ बदललं की बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही मराठवाड्यात येतो. ‘उस्मानाबाद’ बदललं की उस्मानाबादी शेळीची ‘धाराशिवी’ होते, आणि ते जातीचं नाव आहे, नामांतराशी त्याचा संबंध नाही. आधी पूर्ण शब्द, मग राज्य, मग संदर्भ, या क्रमाने गाळायचं. जुन्या दस्तांतला, कायद्याच्या शीर्षकातला आणि अवतरणातला शब्द हात न लावता ठेवायचा.

नाव ही ओळखीची किल्ली करू नका. किल्ली म्हणजे सरकारी स्थानिक संस्था निर्देशिकेतला किंवा जनगणनेतला आकडा, नाव बदललं तरी तो तसाच राहतो. रेल्वेच्या कोडवर विसंबू नका : बेळगावीचा बीजीएम तसाच आहे, औरंगाबादचा एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. नावांचं वेगळं कोष्टक करा. रकाने : आकडा, नाव, भाषा, लिपी, कशाचं नाव (शहर, जिल्हा, मतदारसंघ, स्थानक), कधीपासून, कधीपर्यंत, कशाच्या आधारे. शेवटचे तीन लोक गाळतात आणि मग दोन वर्षांनी कोणालाच कळत नाही की ही नोंद चुकीची आहे की जुनी.

रोमन अक्षरांवरून देवनागरीत उलटं आणू नका. त्यातूनच ‘बेलागावी’ जन्मतं. तो शब्द मराठीत नाही आणि कन्नडातही नाही, कारण दोन्हीकडे ‘ळ’ आहे. निदान या एका अक्षराबाबत दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

ओळंबा

माझ्या मताला एक दुरुस्ती करतो. चालू मराठी लेखनात बेळगाव. कर्नाटक सरकारच्या संस्थेचं नाव, पत्ता किंवा आदेश उद्धृत करताना बेळगावी. एकाच परिच्छेदात दोन्ही आली तरी चालतील, कारण दोन वेगळ्या गोष्टींची नावं आहेत. तिरकी रेघ मात्र नको.

तिरकीरेघ

मला काढून टाकताय! बाकी मान्य नाहीच. एकच अट घाला : जो मराठीत ‘बेळगाव’ लिहील, त्याने कन्नड वर्तमानपत्रातल्या ‘सोल्लापुर’ला हसायचं नाही.

वेळूबन

खतावणी, एक शंका. सूचीत ‘छत्रपती संभाजीनगर’ छ खाली लावायचं की स खाली?

खतावणी

छ खाली. ‘छत्रपती’ अधिसूचित नावाचाच भाग आहे, उपाधी म्हणून मागे टाकता येत नाही. स खाली ‘संभाजीनगर, पाहा छत्रपती संभाजीनगर’ आणि औ खाली ‘औरंगाबाद (महाराष्ट्र), पाहा’ असे दोन निर्देश द्यायचे. ‘औरंगाबाद (बिहार)’ ही पूर्ण नोंद त्याच्या लगेच वर येते, तिथे ‘पाहा’ चुकून पडलं नाही ना, ते छपाईआधी एकदा डोळ्यांनी बघायचं. बेळगावची तेवढी चिंता नाही, ब खाली दोन्ही शेजारीशेजारीच येतात.