दुबईसाठी पीसीसी : अपोस्टिल पुरेसे नाही

दुबईच्या नोकरीसाठी पीसीसीवर, म्हणजे पोलिसांकडे गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्यावर, अपोस्टिल (कागदपत्र परदेशात खरे मानले जावे म्हणून सरकार देते ते प्रमाणन) घेतले की काम झाले, असे आपण लिहिले आहे. ते कृपया दुरुस्त करावे. अपोस्टिल हे ते मान्य करणाऱ्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातील देशांपुरतेच चालते. भारत त्यात २००५ पासून आहे, संयुक्त अरब अमिराती मात्र नाही, त्यामुळे तेथे आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि मग अमिरातीच्या दूतावासाचे, हाच क्रम पाळावा लागतो. पासपोर्ट कार्यालयाने दिलेली पीसीसी असेल तर राज्याच्या गृह विभागाकडे जावे लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. आणखी एक कळकळीची विनंती : दाखला लॅमिनेट करू नका. माझ्या भाच्याने तो जपण्यासाठी लॅमिनेट केला, मागे शिक्का उमटेना, आणि नव्याने अर्ज करण्यात त्याची रुजू होण्याची तारीख हुकली.