एका दिवसाचा पिचर ॲलन ट्रॅव्हर्स: ती नोंद त्याच्या माथी का?

मैदानवेडा:
१८ मे १९१२, फिलाडेल्फिया. बेसबॉलच्या डेट्रॉइट टायगर्स संघाकडून २० वर्षांचा ॲलन ट्रॅव्हर्स पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) म्हणून उतरला. ८ डावांत २६ फटके खाल्ले, २४ धावा दिल्या! अमेरिकन लीगच्या (अव्वल स्तरावरच्या 'मेजर लीग'चा एक भाग) एका सामन्यात एकाच पिचरने दिलेल्या सर्वाधिक धावा आजही त्याच्याच नावावर आहेत. पुन्हा तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. 'सर्वांत वाईट पिचर' म्हणून त्याची चेष्टा होते, तेव्हा मला फार राग येतो. टायगर्सचाच खेळाडू टाय कॉब याने न्यूयॉर्कमध्ये एका प्रेक्षकाला मारलं, लीगने त्याला निलंबित केलं, म्हणून सहकारी संपावर गेले. संघ उतरवला नाही तर मालकाला ५,००० डॉलर दंड! मग सेंट जोसेफ्स कॉलेजच्या या पोराला उभं केलं, तेही आदल्या दोन्ही वर्षी जगज्जेत्या ठरलेल्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघासमोर. सामना घडवला लीगने, नोंदही लीगच्याच नावावर हवी.

आकडेमोड:
नाही पटत. ट्रॅव्हर्सच्या २४ धावा पुसल्या, तर समोरच्यांचे फटकेही पुसावे लागतील. नोंद राहू द्या, फक्त पूर्ण वाचा. २४ पैकी १४ धावाच पिचरच्या हिशेबात धरल्या आहेत, बाकीच्या १० क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेल्या. आणि एवढा मार खाऊनही चेंडू त्याने दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

कामगारपुत्र:
तुम्ही दोघेही मूळ गोष्ट सोडताय. खेळाडू संपावर असताना हा पैसे घेऊन त्यांच्या जागी उतरला. माझ्या घरात संप झालेत, अशा माणसाला मी बिचारा म्हणणार नाही.

मैदानवेडा:
पण संप कशासाठी होता, तेही बघा. कॉबने ज्याला तुडवलं, त्या माणसाचा एक हात नव्हता, दुसऱ्याची तीन बोटं छापखान्यात गेली होती.

कामगारपुत्र:
मारहाणीचं समर्थन मी करतच नाही. पण प्रेक्षकांच्या शिवीगाळीपासून संरक्षण नाही, ही खेळाडूंची तक्रार खरी होती. संपाबद्दल त्यांना प्रत्येकी १०० डॉलर दंड झाला, कॉबला मात्र ५०! लीगला कशाची जास्त चीड आली, ते यातच दिसतं.

आकडेमोड:
हा दंडाचा मुद्दा मान्य. तरी पोराला संपफोड्या म्हणणं जड जातं. तो कॉलेजच्या संघाचा साहाय्यक व्यवस्थापक होता, नियमित पिचर नव्हे. पुढे कॅथलिकांच्या जेझुइट पंथाचा धर्मगुरू झाला. संपकऱ्यांची नोकरी त्याला नकोच होती.

कामगारपुत्र:
नको असेल. त्या दुपारी त्यांची जागा घेतली, एवढंच मी म्हणतोय.