मदत हवी आहे: जुन्या ब्रिटिश पिक्चरचं नाव (अर्जंट)

रात्रपाळी: डोकं पोखरतंय, कोणीतरी सांगा लवकर. ब्रिटिश पिक्चर आहे, दोन पोरं एका माणसाला लुटतात आणि मग त्यालाच गाडीत घालून रात्रभर फिरत बसतात. नाव काय? गुगल करून झालंय. आणि शेवट सांगू नका प्लीज, मला बघायचाय.

जुनाबाजार: कलर की ब्लॅक अँड व्हाइट? कुठे बघितलात? एवढ्यावरून कसं सांगणार.

भाऊसाहेब: कॅश ऑन डिमांड, १९६१, हॅमर स्टुडिओचा, तेच भयपटवाले. पीटर कुशिंग शिस्तीचा बँक मॅनेजर, नाताळच्या तोंडावर आंद्रे मोरेल इन्शुरन्सचा माणूस बनून येतो आणि त्याच्याच हातून बँक लुटवतो. जवळजवळ सगळा पिक्चर बँकेच्या आत. हॅमर म्हणजे फक्त ड्रॅक्युला नाही, बघाच.

रात्रपाळी: अहो बँक कुठून आली, गाडी म्हटलं ना! ब्लॅक अँड व्हाइट. लेस्टरला मावशीकडे टॉकिंग पिक्चर्स चॅनेलवर लागला होता, मधेच निघावं लागलं.

कोपऱ्यातली_सीट: द फ्लाइंग स्कॉट बघा, १९५७. रेल्वेत दरोडा. सुरुवातीला बराच वेळ कोणी बोलतच नाही, सगळा प्लॅन कसा बिनबोभाट पार पडतो ते दाखवलंय, आणि मग प्रत्यक्षात एकेक गोष्ट बिघडत जाते. स्वस्तातल्या पिक्चरमध्ये असं डोकं लावलेलं फार कमी वेळा दिसतं.

भाऊसाहेब: हे बहुतेक पिक्चर मुख्य पिक्चरच्या आधी लावायला काढलेले असायचे, तासाभराचे. १९२७ च्या कायद्यापासून थिएटरवाल्यांना ब्रिटिश पिक्चर ठरावीक प्रमाणात दाखवावेच लागायचे. त्यातला निम्मा माल टाकाऊच.

कोपऱ्यातली_सीट: टाकाऊ कसा? मर्टन पार्क स्टुडिओने रहस्यकथावाल्या एडगर वॉलेसच्या गोष्टींवर एवढी सिरीज काढली ती बघा आधी. पैसे नसायचे म्हणून खऱ्या रस्त्यावर कॅमेरा लावायचे, त्यामुळे तेव्हाचं लंडन जसंच्या तसं दिसतं, जे मोठ्या पिक्चरमध्ये सेटवर दिसत नाही.

वडापाव_इन_यूके: लेस्टरला व्हिजा किती दिवसात मिळाला? आईबाबांचा करायचाय.

जुनाबाजार: वाद नंतर घाला. रात्रपाळी, त्या माणसाच्या हाताला बॅग होती का?

रात्रपाळी: हो मग! मनगटाला साखळीने बांधलेली, म्हणून तर सोडता येत नाही त्याला.

जुनाबाजार: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. द मॅन इन द बॅक सीट, १९६१, दिग्दर्शक व्हर्नन सीवेल. तो माणूस कुत्र्यांच्या शर्यतीवरचा बुकी. डेरेन नेस्बिट आणि कीथ फॉकनर चोर, कीथच्या बायकोच्या कामात कॅरल व्हाइट. तासाभराचाही नाही. ती बायको दारात उभी राहून विचारते ना, हे काय आणलंत घरी, तिथे पिक्चर खरा आवळतो.

रात्रपाळी: हाच!! ती बायको आठवतेय. आता मिळणार कुठे?

भाऊसाहेब: शेवटी गाडी चालवताना तो आरशात

रात्रपाळी: भाऊसाहेब, नको म्हटलंय ना!

जुनाबाजार: मावशींना चॅनेलच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवायला सांगा, तिथे जुने पिक्चर फिरून फिरून लागतात.

वडापाव_इन_यूके: व्हिजाचं कोणी सांगेल का?