मदत हवी आहे: यूकेमध्ये मतदान, बीआरपीची मुदत संपलेली आणि नावात फरक

प्रश्न (स्लाउकर):
आमच्या कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) निवडणूक आहे. आम्ही भारतीय नागरिक, मतदार यादीत नावं आहेत. माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी दिलेला आहे. हातात फक्त बीआरपी (यूकेत राहण्याच्या परवान्याचं फोटो कार्ड), तेही ३१ डिसेंबर २०२४ला संपलेलं. ई-व्हिसा फोनवर दिसतो. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, यादीत सासरचं. आईला केंद्रावर जाणं जमणार नाही. केंद्रावर दाखवायला फोटो ओळखपत्र म्हणून कोणाला काय न्यावं लागेल?

मृण्मयी_यूके:
तुमचं बीआरपी चालेल. मुदत संपलेलं ओळखपत्रही ग्राह्य धरतात, फोटो तुमच्यासारखा दिसला म्हणजे झालं. म्हणून जुनं कार्ड फेकू नका. ई-व्हिसा मात्र चालत नाही, कारण मूळ कार्ड किंवा पुस्तिकाच हातात लागते; फोनवरचा फोटो, स्कॅन, झेरॉक्स काहीच नाही. आधार आणि भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स यादीत नाहीत. ओसीआयही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) नाही. भारतीय पासपोर्ट मात्र आहे, कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट मान्य आहेत.

ओळखपत्रावरचा पत्ता कोणी बघत नाही. नाव आणि चेहरा, एवढंच.

पुणे_ते_रेडिंग:
पत्नीचं प्रकरण जास्त नाजूक. मधलं नाव गळालं किंवा स्पेलिंग थोडं वेगळं असलं तर कर्मचारी सहसा अडवत नाहीत, पण आडनावच वेगळं असेल तर दुवा दाखवावा लागतो. पासपोर्टबरोबर विवाह नोंदणीचा दाखला न्या. तो फक्त मराठीत असेल तर केंद्रावर वाचणार कोण? इंग्रजी प्रत काढून ठेवा.

त्याहून बरा मार्ग म्हणजे मोफत मिळणारं व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट, म्हणजे मतदानासाठीचं फोटो ओळखपत्र. त्यावर मतदार यादीतलंच नाव छापतात, त्यामुळे वादच उरत नाही. फोटो आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (यूकेतला कर आणि सामाजिक सुरक्षेचा क्रमांक) लागतो. नंबर नसेल तर कारण लिहून अर्ज करता येतो, मग कौन्सिल दुसरी कागदपत्रं मागू शकतं, म्हणून लवकर करा. अर्जाची मुदत मतदानाआधी ६ कामकाजी दिवस, संध्याकाळी ५ पर्यंत. यादीत नाव नोंदवायची मुदत वेगळी, १२ कामकाजी दिवस आधी. लोक या दोन तारखांची गल्लत करतात.

मृण्मयी_यूके:
आईंसाठी पोस्टल मत. त्याला फोटो ओळखपत्र लागत नाही. अर्ज ११ कामकाजी दिवस आधी, ५ वाजेपर्यंत. मत बाद होण्याचं नेहमीचं कारण असं की मतपत्रिकेसोबत येणाऱ्या निवेदनावर जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहिली जाते. सही अर्जावर केली तशीच हवी. तिथे एका भाषेत आणि इथे दुसऱ्या भाषेत नको. टपाल वेळेत पोचणार नसेल तर पाकीट केंद्रावर स्वतः द्या आणि तिथला फॉर्म भरा. कौन्सिलच्या पत्रपेटीत नुसतं टाकलेलं पाकीट मोजत नाहीत.

स्लाउकर:
आभार. मतदानाच्या दिवशीच बीआरपी हरवलं तर?

पुणे_ते_रेडिंग:
त्याच दिवशी ५ वाजेपर्यंत तातडीचा प्रॉक्सी अर्ज करता येतो. तुमच्या वतीने दुसरा माणूस मत देतो आणि ओळखपत्र त्याचं बघतात. चुकीचं कार्ड नेल्यामुळे परत पाठवलं तर रात्री १० पर्यंत योग्य कार्ड घेऊन पुन्हा जाता येतं. जरूर जा. निवडणूक आयोगाच्या अहवालानुसार मे २०२३च्या निवडणुकांत सुमारे १४,००० आणि जुलै २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १६,००० मतदार ओळखपत्राअभावी मत न देताच राहिले. साठीपुढच्यांचं ऑयस्टर कार्ड (लंडनचं प्रवास कार्ड) चालतं आणि विद्यार्थ्यांचं नाही, हा भेद मला आजही अन्यायकारक वाटतो.

बँक कार्डही मान्य करू असं सरकारने जुलै २०२५मध्ये जाहीर केलं. पण मतदानाआधी घरी येणाऱ्या पोलिंग कार्डावरच्या यादीत ते छापलेलं नसेल तर त्याच्या भरवशावर जाऊ नका.

कार्डिफ_कोकण:
कौन्सिलच्या मतदानाला ओळखपत्राचा हा नियम इंग्लंडपुरता. वेल्समध्ये सेनेड (तिथली संसद) आणि कौन्सिलच्या मतदानाला, तसंच स्कॉटलंडच्या संसदेला व कौन्सिलला फोटो ओळखपत्र लागत नाही. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे यूकेच्या संसदेच्या, निवडणुकीला मात्र तिन्हीकडे लागतं.