हरणी भाच्याला चावली. दोष तिच्या जातीचा की माझा?

मुग्धा_निगडी:
हरणी आमची कारवान जातीची कुत्री, चौदा महिन्यांची. लातूरकडून आणली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. गेल्या रविवारी तिने माझ्या चार वर्षांच्या भाच्याच्या मनगटाला दात लावले. दोन ओरखडे आणि ठिपक्याएवढं रक्त. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. हरणीच्या लसी पूर्ण आहेत, तरी त्यांनी त्याला रेबीजची लस सुरू केली.

घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, शिकारी जात आहे, रक्तातच आहे, गावी देऊन टाका. नवरा म्हणतो, ती खात असताना पोराने ताटली ओढली, तिचं काय चुकलं? मला दोन्ही पटत नाही, कारण तो क्षण मी पाहिला होता. ती खाता खाता थांबली. तोंड ताटलीतच, पण अंग ताठ, कान मागे, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. मी पोळ्या लाटत होते. ‘काही करत नाही रे ती’ असं म्हणालेसुद्धा.

आणखी एक सांगायलाच हवं. महिन्यापूर्वी ती त्याच्यावर गुरगुरली तेव्हा मी वर्तमानपत्राची सुरळी करून तिला फटका दिला होता. त्यानंतर तिचं गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, सुधारली.

आणली तेव्हा पावसाळा होता. लसी होईपर्यंत बाहेर काढू नका असं सांगितलं होतं, म्हणून अडीच महिने ती बाल्कनीतच होती. घरात आम्ही सगळी मोठी माणसं. लहान मूल तिने पहिल्यांदा पाहिलं ते सात महिन्यांची झाल्यावर. मांजर किंवा दुचाकी दिसली की पट्ट्याला असा हिसका देते की खांदा निखळेल. यातलं उपजत किती आणि आमचं किती? आता काही होऊ शकतं का?

माणदेशी:
ताई, जतकडं आमच्या घरी आजोबांपासून कारवान आहेत. मांजरामागं धावणं हा तिचा स्वभाव, तो जायचा नाही. हे कुत्रं वासावर नाही, नजरेवर शिकार करतं. माळावर ससा उठला की मालकाची हाक तिच्या कानात शिरतच नाही. त्यामुळं रस्त्याकडेला पट्टा कधीच सोडू नका, कितीही शिकवलंत तरी. कुंपण घातलेलं मोकळं रान बघा आणि तिथं मनसोक्त पळू द्या.

माणसाला दात लावणं मात्र वेगळं. आमच्याकडं दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडत नाहीत. खेळताना एकानं जोरात धरलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती लावायचा हे पिल्लू तिथंच शिकतं. पुढं ते शेळ्यांच्या वाड्यात वाढतं, करडं त्याच्या अंगावर नाचतात. तुमच्या हरणीला यातलं काहीच मिळालं नाही. आणि आमच्या आजीचा नियम होता, कुत्रं भाकरी खातंय तोवर पोरं उंबऱ्याच्या आत. रागावणं पोरांना, कुत्र्याला नाही.

पशुवैद्य_सातारा:
मुग्धाताई, आधी तिला तपासून घ्या. कान, दात, सांधे. दुखणं असलेलं कुत्रं लवकर चिडतं आणि वरून कळत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ एका बाजूला झुकत नाही. रक्ताला महत्त्व आहेच. सायबेरियात 1959 पासून कोल्ह्यांमधले फक्त माणसाळू तेवढे निवडून त्यांची पैदास केली, तर काही पिढ्यांत ते शेपूट हलवत माणसाजवळ येऊ लागले. पण एका कुत्र्यापुरतं बोलायचं तर जात फार थोडं सांगते. अमेरिकेत 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के जातीवरून समजत होते, आणि कुत्रं किती पटकन चिडेल हे तर जातीवरून जवळपास कळतच नव्हतं.

साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखीचं करून घेतं. तो काळ हरणीने बाल्कनीत काढला. लस राहिली असली तरी उचलून, कडेवर घेऊन रिक्षा, मुलं, छत्र्या दाखवता येतात. हे सांगायला हवं होतं, आणि आम्ही डॉक्टर मंडळी ते बऱ्याचदा सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गुरगुरणं ही तिची सूचना होती. तुम्ही सूचना बंद केलीत, भीती तशीच राहिली. म्हणून या वेळी ती न गुरगुरता चावली. यापुढे ती खात असेल तेव्हा खोलीचं दार बंद. मोठ्या माणसाने लांबून जाताना ताटलीत चिकनचा तुकडा टाकायचा, रोज, हळूहळू अंतर कमी करत. माणूस आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे तिला पटायला काही महिने लागतील. जाळीचं मुसकं घालायची सवय आत्तापासून लावा. त्यातून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे.

बी_विंग_302:
माझ्या मुलीला लिफ्टमध्ये कुत्रं चावलं होतं, म्हणून स्पष्ट लिहितो. स्वभाव, वळण सगळं खरं, पण चावा बसतो दुसऱ्याच्या मुलाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे प्राण्याच्या बाबतीत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही. लिफ्टमध्ये मुसकं आजपासून घाला, सवय लागेपर्यंत जिन्याने जा.

मुग्धा_निगडी:
302, तुमचं पटलं. कालपासून जिन्यानेच जातोय, चार मजले.

डॉक्टर, तपासणीत डाव्या कानात बराच संसर्ग निघाला. भाचा त्याच बाजूने आला होता. औषध सुरू केलंय. सासऱ्यांना माणदेशी दादांचं उत्तर वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी तिची ताटली त्यांनीच आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावून बाहेर स्टूल टाकून बसले.

आज मी दारातून तुकडा टाकला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, अंग ताठलं, मग खाल्लं. दादा, कुंपणाचं रान चिंचवडच्या आसपास कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.