आयसीयूत दात कोण घासणार?

सायली_ठाणे: काल इथे एकाने लिहिलं, "माणूस व्हेंटिलेटरवर असताना दात घासायचं काय घेऊन बसलात? आधी जीव वाचवा." अहो, ते जीव वाचवण्यातच मोडतं! नळीमुळे तोंड उघडं राहतं, कोरडं पडतं, दातांवर किटण चढतं आणि तिथले जंतू लाळेबरोबर नळीच्या कडेने फुप्फुसात उतरतात. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. ब्रश केलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी, आणि खर्च एका ब्रशचा. माझे बाबा १९ दिवस आत होते. नळी काढल्यावर पहिल्यांदा त्यांनी चूळ भरायला पाणी मागितलं.

वॉर्डातली_सिस्टर: खर्च ब्रशचा नाही, हातांचा आहे. रात्रपाळीला तीस खाटांना मी एकटी. अर्धवट शुद्धीतला पेशंट ब्रश चावतो, ठसका लागला तर नातेवाईक माझ्याच अंगावर येतात.

तात्या६१: आमच्याकडे क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतू मारायचं औषध, फिरवायचे तोंडातून. तेवढं पुरे.

सायली_ठाणे: नाही पुरत. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ब्रश करा म्हणतात, क्लोरहेक्सिडिन टाळा म्हणतात.

कोल्हापूरची_लेक: कवळ्यांचं बोला आधी. ऑपरेशनपूर्वी आईची कवळी काढली, कागदात गुंडाळून उशाशी ठेवली. चादरी बदलल्या, कवळी गेली. अडीच महिने पेज आणि दुधात कुस्करलेली पोळी. नातवाच्या मुंजीत प्रत्येक फोटोत तोंडावर पदर. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणे!

तात्या६१: कवळी घरच्यांनी सांभाळायची असते.

कोल्हापूरची_लेक: कधी सांभाळू? भेटायला पंधरा मिनिटं देतात. तुमची आई असती तर असंच म्हणाला असतात?

तात्या६१: आईवर जाऊ नका.

वॉर्डातली_सिस्टर: आमच्याकडेही हरवल्यात, खोटं कशाला बोलू. दाखल करताना मंगळसूत्राची नोंद करतो, तशी कवळीची करायला हवी. नाव लिहिलेली डबी हवी. एवढं मान्य. पण रात्रीच्या ब्रशला आधी दुसरी सिस्टर द्या.

सायली_ठाणे: तोवर भेटीच्या वेळी आम्हाला करू द्या. एकदा दाखवा कसं करायचं.

वॉर्डातली_सिस्टर: शुद्धीवरच्या पेशंटचं दाखवेन. नळीवाल्याला हात लावू देणार नाही.