‘हिंदी हैं हम’ ते अलाहाबाद: इक्बाल कसे वाचावेत?

प्रश्न:
१९०४ मध्ये ‘हिंदी हैं हम, वतन है हिन्दोस्ताँ हमारा’ लिहिणारे उर्दू-फारसी कवी इक्बाल १९३० मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून वायव्येकडच्या मुस्लिम राज्याबद्दल बोलतात. मधे काय घडलं? त्या भाषणात पाकिस्तानची मागणी होती की नव्हती? दोन्ही बाजू छातीठोकपणे बोलतात. आणि मूळ वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर १:
वळण १९०५ ते १९०८ या युरोपातल्या वर्षांत आहे. राष्ट्रालाच दैवत मानणाऱ्या युरोपीय राष्ट्रवादाची त्यांना तिथे धास्ती वाटली. परतल्यावर १९१० च्या ‘तराना-ए-मिल्ली’मध्ये त्याच वृत्तात, त्याच ‘हमारा’वर ओळ येते: ‘मुस्लिम हैं हम, वतन है सारा जहाँ हमारा’. दोन्ही तराने शेजारी ठेवून वाचा आणि लगेच ‘वतनियत’ (देशालाच राष्ट्र मानणारा राष्ट्रवाद) ही कविता घ्या.

पण यावरून ‘हिंदुस्थानाशी नातं तोडलं’ असा निष्कर्ष काढू नका. ‘जावेदनामा’ हे त्यांचं आकाशयात्रेचं फारसी काव्य १९३२ चं, म्हणजे अलाहाबादच्या भाषणानंतरचं. त्यात चंद्रावरच्या गुहेत विश्वामित्र भेटतात, पुढे भर्तृहरीही. शनीच्या मंडलात हिंदुस्थानचा आत्मा बेड्यांत विलाप करतो, आणि बंगालचा जाफर (सिराजउद्दौलाला दगा देणारा) व दख्खनचा सादिक (टिपूला दगा देणारा) या दोन फितुरांना नरकही आत घेत नाही. माझ्या मते हा भाग वाचल्याशिवाय इक्बालांच्या राजकारणावर बोलूच नये.

उत्तर २:
भाषणाबद्दल. २९ डिसेंबर १९३०. पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान यांचं एक राज्य. ते ब्रिटिश साम्राज्यात असो वा बाहेर. लोक हे एवढंच वाक्य उचलतात. त्याच भाषणात अंबाला विभाग आणि बिगरमुस्लिम बहुसंख्या असलेले काही जिल्हे वगळायची सूचना आहे, आणि शेषाधिकार (केंद्राला स्पष्टपणे न दिलेले उरलेले अधिकार) घटक राज्यांकडे ठेवणाऱ्या भारतीय संघराज्याची चर्चाही आहे. या योजनेत बंगाल नाही. ‘पाकिस्तान’ हे नाव १९३३ मध्ये केंब्रिजमधले विद्यार्थी रहमत अलींनी पुढे आणलं, आणि ती योजना आपली नव्हे असं इक्बालांनी १९३४ मध्ये इंग्रज लेखक एडवर्ड थॉम्पसन यांना कळवलं.

मात्र तिथेच थांबणंही चूक. जून १९३७ मध्ये जिनांना लिहिलेल्या पत्रात ते वायव्य हिंदुस्थान आणि बंगालमधल्या मुसलमानांना स्वयंनिर्णयाचा हक्क असलेली राष्ट्रं का मानू नये, असं विचारतात. जो तो आपल्या सोयीच्या तारखेला पुस्तक मिटतो, म्हणून हा वाद संपत नाही.

उत्तर ३:
वाचनाचा क्रम: आधी उर्दू कवितासंग्रह ‘बांग-ए-दरा’ (१९२४). त्याचे तीन भाग कालक्रमाने आहेत: १९०५ पर्यंत, १९०५ ते ०८, आणि १९०८ नंतर. निवडक संग्रहांत हे भाग सरमिसळ होतात, तेव्हा पूर्ण आवृत्तीच घ्या.

मग फारसी काव्य ‘असरार-ए-खुदी’ (१९१५; ‘खुदी’ म्हणजे स्वत्व), पण त्याच्या जोडीच्या ‘रुमूज-ए-बेखुदी’सोबत. पहिल्यात व्यक्तीची घडण, दुसऱ्यात व्यक्ती आणि समाजाचं नातं. एकट्या ‘असरार’वरून इक्बालांना जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचे अनुयायी ठरवलं जातं. ‘खुदी’ची पहिली पायरी आज्ञापालन, दुसरी आत्मसंयम, तिसरी ईश्वराचं प्रतिनिधित्व, नीत्शेच्या जगात या तिसरीला जागाच नाही.

कायदा आणि सुधारणेसाठी इस्लाममधल्या धर्मविचाराच्या पुनर्रचनेवरच्या त्यांच्या इंग्रजी व्याख्यानांपैकी (‘द रिकन्स्ट्रक्शन ऑफ रिलिजस थॉट इन इस्लाम’) सहावं. इज्तिहादचा (धर्मकायद्याचा स्वतंत्र विचाराने नव्याने अर्थ लावण्याचा) अधिकार एकेकट्या विद्वानाकडून निवडलेल्या विधिमंडळाकडे जावा, असं ते तिथे मांडतात. ते मंडळ चुकलं तर काय, हा प्रश्नही तिथेच घेतलाय: उलेमा (धर्मशास्त्राचे विद्वान) मंडळात असावेत, चर्चेला दिशा द्यावी, पण विधिमंडळावर देखरेख करणारी उलेमांची वेगळी समिती इक्बालांना धोक्याची वाटते.